हेल्मेटच्या काचेवरची पन्नी

आमच्या ठाण्याला शासनाचा निधी मंजूर झाला तेव्हा सगळ्यात आधी फ्लेक्स आला. सामान त्यानंतर आलं, आणि ते वापरायची बुद्धी अजून यायची आहे. फ्लेक्सवर पाहुण्यांचे हात जोडलेले फोटो होते आणि खाली मोठ्या अक्षरांत 'अत्याधुनिक पोलीस ठाणे' लिहिलेलं होतं. ज्या भिंतीवर तो लावला तिच्यामागे आम्हा बायांचं संडास होतं. त्याला कडी नव्हती. एकीने आत जायचं आणि दुसरीने दाराला पाठ लावून उभं राहायचं, ही आमची जुनी पद्धत. अत्याधुनिक झाल्यावरही ती तशीच चालू राहिली.

ठाणं कोणतं ते सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यात, पुसदच्याही खाली, एवढं पुरे. मी तेव्हा तिथे शिपाई होते. लोहाऱ्याहून बदली होऊन आले होते, म्हणजे माहेरच्या दारातून उचलून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला टाकली होती. माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकावर असतो, म्हणून बदली झाली असं लोक म्हणतात. मी खोडत नाही.

निधीतून एक जीप आली. एक ड्रोन आला. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या तोंडात धरायचं यंत्र आलं. आणि दंगा काबूचं सामान आलं: ढाली, छातीला आणि नडगीला बांधायची कवचं, आणि तोंडावर काच खाली पडते तशी हेल्मेटं. सगळं खोक्यांत, खोक्यांच्या आत थर्माकोल, थर्माकोलच्या आत पिशवी, आणि हेल्मेटच्या काचेला आतून-बाहेरून चिकटवलेली पातळ पन्नी. दुधात पाणी घातल्यासारखा तिचा रंग. कारखान्यातून ठाण्यापर्यंत येताना काचेवर ओरखडा पडू नये म्हणून ती असते. ठाण्यात आली की काढून टाकायची. हे समजायला काही शिकावं लागत नाही.

पण आपल्याकडे पन्नी काढणं जिवावर येतं. माझ्या आईच्या फ्रिजच्या दारावरची पन्नी सात उन्हाळे टिकली. शेवटी तिचे पोपडे निघाले तेव्हा आई हळहळली. टीव्हीच्या रिमोटला तर नव्या साडीची पिशवी गुंडाळून वर रबर लावलेलं. कोणता आकडा दाबतो ते दिसायचं नाही, पण रिमोट नवा. शेजारच्या एकाने नवी मोटरसायकल घेतली तर सीटवरचं प्लास्टिक दोन वर्षं ठेवलं, यवतमाळच्या उन्हात त्याची पँट चिकटून फाटायची वेळ आली तरी काढलं नाही. घरातलं असं काही बघितलं की मी हसते. स्वतःच्या पैशाची वस्तू, स्वतःची पँट, काय करायचं ते करा.

लोकार्पणाच्या दिवशी मात्र मी हसले नाही. पाहुणे येणार म्हणून आम्हा बायांना पुढच्या रांगेत उभं केलं, पूर्ण सामान चढवून. कवचं पुरुषांच्या मापाची होती, ती छातीवर बसेनात. पट्टे ओढले की श्वास अडकायचा. केसांचा अंबाडा घालायचा हा नियम, आणि अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही हा अनुभव. शेवटी सगळ्यांनी अंबाडे सोडून वेण्या कॉलरच्या आत खुपसल्या. पाहुण्यांनी फीत कापली, ड्रोनवर कुंकू लावलं, नारळ फोडला. ड्रोन काही उडाला नाही. त्याच्यावर उडालेलं नारळाचं पाणी पुसायलाच दोन माणसं लागली. फोटो निघाले. त्या फोटोत आमची तोंडं ओळखू येत नाहीत, कारण काचा खाली होत्या आणि काचांवर पन्नी होती. फोटोवाला म्हणाला, चमक छान आली.

त्या रांगेत माझ्या डाव्या बाजूला आमची पुसदवाली होती. पुसदजवळच्या बंजारा तांड्यावरची म्हणून हे नाव. ठाण्यात तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. ती ठाण्यातली एकुलती एक बाई चालक. गाडी अशी चालवायची की मागे बसलेल्या आरोपीलासुद्धा झोप लागावी. बापाच्या ट्रॅक्टरवर शिकली होती आणि गाडीत बसली की तिच्या खांद्यांचं ओझं उतरायचं, हे मी शेजारी बसून पाहिलेलं आहे. स्वभावाने शांत. आम्ही दोघी एकाच खोलीत भाड्याने राहायचो. माझं भांडण व्हायचं आणि समजूत घालायला ती जायची.

नवी जीप तिच्याच ताब्यात आली. पहिल्याच दिवशी तिने काय केलं, तर चारही सीटांवरचं प्लास्टिक टराटरा फाडून काढलं, बोळा केला आणि कचऱ्यात टाकला. म्हणाली, "घसरतं वं बाई. ब्रेक मारला का साहेब समोरच्या काचीवर जातीन." तिचं बरोबर होतं. पण साहेब काही काचेवर गेले नाहीत, तिच्यावरच आले. आमचे ठाणेदार घाटावरचे, बोलायला गोड, कपड्याला कडक इस्त्री. त्यांनी सगळ्यांसमोर तिला उभं केलं. "हे काय तुमच्या तांड्यावरचं सामान आहे का? शासनाचं आहे. तपासणीला वरिष्ठ आले आणि सीट मळलेली दिसली तर उत्तर कोण देणार, तुम्ही?"

तांड्यावरचं, हे ते ठाण्यात म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले. मी तोंड उघडलं तर पुसदवालीने माझ्या पायावर पाय दिला. तिला ड्युटीवरून काढलं नाही, पण त्यानंतर तिने सरकारी वस्तूवरची पन्नी कधी काढली नाही. आयुष्यात एकदा तिने साहेबांचं मुकाट्याने ऐकलं. एकदाच.

मग हजेरीला ठाणेदारांनी सगळ्यांना सांगितलं. हेल्मेटांची पन्नी कोणीही काढायची नाही. वार्षिक तपासणीपर्यंत सामान आलं तसं दिसलं पाहिजे. सामानाच्या खोलीचे जमादार म्हणजे एक म्हातारे हवालदार, निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरलेले. ते तर आनंदलेच. एक ओरखडा म्हणजे एक खुलासा, हे त्यांचं आयुष्यभराचं गणित. बंदोबस्ताहून हेल्मेट परत केलं की ते उन्हात धरून पन्नीचा कोपरा उचकटला तर नाही ना बघायचे. उचकटला असेल तर थुंकीने चिकटवायचे. मी विचारलं, "काका, हे घालून मले समोरचा माणूस दिसत नाही, मग मारू कोणाले अन् वाचवू कोणाले?" ते म्हणाले, "काच वर कर ना पोरी. वर केली का दिसते." झालं. ठाण्याची पद्धत ठरली. पन्नी ठेवायची म्हणून काच वर ठेवायची. म्हणजे हेल्मेट डोक्याला, आणि तोंड देवाच्या हवाली.

यातली खरी गंमत नंतर कळली. सामान वापरात आहे, असं प्रमाणपत्र निधी देणाऱ्यांकडे केव्हाच गेलं होतं. ते गेल्याशिवाय पुढचा निधी येत नाही. कागदावर ते सामान इतकं वापरलं जात होतं की पुढच्या वर्षी आणखी मागितलं होतं. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली, तेव्हा बंदुकांशेजारी हेल्मेटंही मांडली आणि एकेका काचेवर हळदकुंकवाचं बोट ओढलं. पन्नीवरच. पूजा झाल्यावर जमादारांनी ओल्या कापडाने पुसलं. पन्नी मात्र थोडी पिवळी पडली ती पडलीच.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या रस्त्यावर रेतीच्या टिप्परने एका सायकलवाल्याला चिरडलं. टिप्पर रोज तसेच धावायचे. लोकांनी अर्ज दिले होते, आम्ही ते वर पाठवले होते, वरून ते खाली आले होते. त्या दिवशी लोक रस्त्यावर बसले. त्यांचा राग खोटा नव्हता, हे मी वर्दी घालून सांगते. जमावात बाया होत्या म्हणून आम्हा बायांना पुढे घातलं. पुसदवालीने जीप झाडाखाली लावली आणि चालक असूनही हेल्मेट घालून आमच्यात येऊन उभी राहिली. माणसं कमी होती, दुसरं काय करणार.

दुपार टळटळीत होती. काच खाली घेतली की डोळ्यासमोर नुसता पांढरा उजेड. पन्नीवर धूळ, पन्नीखाली हवेचे फुगे, हळदीचे पिवळे डाग. समोर माणसं आहेत एवढं कळायचं, पण कोणाचा हात वर आहे, हातात काय आहे, काही कळायचं नाही. पुसदवाली मला म्हणाली, "मले काहीच दिसून नाही राह्यलं वं." मी म्हटलं, "वर कर, सगळ्यांच्याच वर आहेत." खरंच सगळ्यांच्याच वर होत्या. ठाणेदारांची स्वतःचीही वर होती. ते मागे उभे होते.

मयत नेणारी गाडी आली तेव्हा रेटारेटी झाली. एक म्हातारी खाली पडली, तिला उचलायला पुसदवाली वाकली, आणि मान वर करते तोच दगड आला. फार मोठा नव्हता, मुठीत मावेल एवढा. कोणी मारला ते कधीच कळलं नाही. ती ओरडली नाही. गुडघ्यावर बसली आणि "याडी" म्हणाली. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. मग दुसऱ्यांदा म्हणाली. मी तिच्या हेल्मेटचा पट्टा सोडवत होते आणि वर उचललेली ती काच माझ्या कपाळाला लागत होती. काचेला काही झालं नव्हतं. तिच्यावर ओरखडाही नव्हता.

जीप चालवायला कोणी नव्हतं, कारण चालकच पडला होता. शेवटी एका टिप्परवाल्याने जीप चालवली. तिला आधी पुसदला, मग यवतमाळला आणि तिथून नागपूरला नेलं. डॉक्टरांनी त्यांच्याने होईल ते सगळं केलं. उजवा डोळा गेला.

नागपूरहून परतल्यावर मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही, आणि मी बोलत नाही म्हटल्यावर ठाण्यात सगळे घाबरले. घाबरायलाच पाहिजे होतं. तिसऱ्या दिवशी कळलं की ठाणेदारांनी वर अहवाल पाठवला आहे. अहवाल असा, की सदर महिला अंमलदार हिने बंदोबस्ताच्या वेळी हेल्मेटची काच स्वतःहून वर केली, आणि शासनाने अद्ययावत साहित्य पुरवूनही तिच्या निष्काळजीपणामुळे इजा झाली. म्हणजे निधी निर्दोष. हेल्मेट निर्दोष. दोषी कोण, तर डोळा.

डोळा जाणं हे एक झालं. दगड कोणालाही लागू शकतो, आम्ही पगार त्याचाच घेतो. पण तो तिच्या चुकीने गेला असं तिच्या नोकरीच्या कपाळावर कायमचं लिहायचं, आणि ते त्याने लिहायचं ज्याने ती पन्नी ठेवायला लावली? दवाखान्यात तिने मला एवढंच विचारलं होतं, "माह्यावर तं नाही ना येणार काही?" मी तिला सांगून बसले होते, तुझ्यावर कायले येईल. आता हा शब्द मला पाळायचा होता.

चौकशीला दुसऱ्या उपविभागातले एक साहेब आले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला लवकर जायचं होतं. मला विचारलं, "त्यांची काच वर होती?"

"होती. सगळ्यांची होती."

"इतरांचं राहू द्या. त्यांनी स्वतः वर केली?"

"पन्नीमुळे दिसत नव्हतं साहेब. पन्नी काढायची नाही असं ठाणेदार साहेबांनी हजेरीला सांगितलं होतं."

"लेखी?"

आता हजेरीला कोण लेखी सांगतं? मी तसंच म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि रायटरला सांगितलं, "लिहा, धूसर दिसत असल्याचे सांगतात." मग म्हणाले, "ते हेल्मेट बघू."

जमादार आतून हेल्मेट घेऊन आले. साहेबांनी काच खाली केली, खिडकीकडे धरली, आणि माझ्याकडे बघितलं. काच लख्ख होती. पलीकडचं लिंबाचं झाड पानापानासकट दिसत होतं. पन्नी नव्हती. आतूनही नाही, बाहेरूनही नाही. अख्ख्या ठाण्यात एकाच हेल्मेटची पन्नी काढलेली होती, आणि ते हेल्मेट हेच.

मी जमादारांकडे बघितलं तर ते जमिनीकडे बघत होते. त्यांनी काढली की त्यांच्याकडून काढून घेतली, ते मी विचारलं नाही. कडेला चिकाचे ताजे पट्टे दिसत होते आणि तेवढ्याने माझं डोकं फुटायचं बाकी राहिलं. मी म्हटलं, "साहेब, आत या. बाकीची बघा. एकेकावर पन्नी आहे, हळद आहे, फुगे आहेत." ते म्हणाले, "मला याच हेल्मेटचं बघायचं आहे, मॅडम." मी आवाज चढवला. त्यांनी पेनचं टोपण लावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. ती अशी समोर इस्त्रीच्या कपड्यांत उभी राहील असं वाटलं नव्हतं.

चार महिन्यांनी पुसदवाली कामावर आली. एक डोळा काचेचा. गाडी तर गेलीच. किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती आणि तो ब्रेक मारताना जीप घोड्यासारखी उडवायचा. हलकं काम म्हणून तिला दिली सामानाची खोली, जमादारांच्या हाताखाली. काम काय, तर हेल्मेटं पुसून ठेवायची. पिवळं मऊ कापड घ्यायचं आणि पन्नीवरून हलक्या हाताने फिरवायचं, कोपरे उचकटू न देता. जे हेल्मेट तिला वाचवू शकलं नाही त्याची चमक तिने सांभाळायची. ज्याने हे काम ठरवलं त्याला ठरवताना काही वाटलं असेल का, हे मी अजूनही कधी कधी स्वयंपाक करताना स्वतःला विचारते, आणि पोळी करपते.

ती खोलीवर आल्यावर एकदाच म्हणाली, "डोया गेला त्याचं नाही वं एवढं. माह्या बापाले वाटते का म्याच काही चुकवलं. तो तांड्यात सांगते, पोरीनं साहेबाचं ऐकलं नाही म्हणून झालं."

तिने ऐकलं म्हणून झालं होतं.

ठाणेदारांनी मात्र त्या घटनेतून धडा घेतला होता. नवीन सूचना निघाली: यापुढे बंदोबस्तात कोणीही हेल्मेटची काच वर करायची नाही. आणि पन्नी? पन्नीबद्दल काही नाही. पुढे ढकललेली वार्षिक तपासणी तोंडावर आली होती. काच वर करायची नाही आणि पन्नी काढायची नाही, म्हणजे आमचं ठाणं अधिकृतपणे आंधळं झालं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. आम्हाला तर आड कुठे आणि विहीर कुठे तेही दिसणार नव्हतं.

तपासणीला मोठे साहेब आले. अंगणात चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. दंगा काबूची रंगीत तालीम ठेवली होती. निम्मं ठाणं साध्या कपड्यांत जमाव झालं आणि हातात कागदाचे बोळे घेऊन उभं राहिलं. आम्ही निम्मे हेल्मेटं चढवून रांगेत. साहेबांनी रांगेवरून नजर फिरवली. "हेल्मेट्स कधीचे?" ठाणेदारांनी सांगितलं. "अरे वा. नवेच वाटतात. निगा चांगली आहे."

ठाणेदार हसले. मी त्यांचं हसू पाहिलं नाही, ऐकलं. काच खाली होती.

हुकूम झाला, रांग पुढे निघाली. दहा पावलं ठीक गेलं. मग जमाव ओरडत डावीकडे सरकला आणि आमची रांग उजवीकडे गेली. एक जण झेंड्याच्या ओट्यावर आपटला, दुसरा त्याच्यावर. तिसऱ्याने ढाल पुढे केली ती साहेबांच्या चालकाला लागली, हे नंतर कळलं. जमावातले आमचेच लोक हसायला लागले, बोळे मारायचे विसरले. आणि हसणं ऐकून माझ्या डोक्यात तो दुपारचा रस्ता आला, ते गुडघ्यावर बसणं आणि ते 'याडी' आलं. मी थांबले. हेल्मेट काढलं, रांग सोडली आणि चालत सरळ साहेबांसमोर गेले. मागून ठाणेदार माझं नाव घेत होते. घेऊ दिलं.

सलाम केला. म्हटलं, "सर, एक विनंती आहे. हे एकदा आपण घालून बघा."

मोठे साहेब माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, गेली नोकरी. पण त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि हेल्मेट डोक्यावर घेतलं. काच खाली केली.

"समोर कोण उभं आहे, सर?"

त्यांनी मान डावी-उजवीकडे फिरवून बघितली. "कोणीतरी आहे."

"बाई आहे की माणूस?"

"सांगता येत नाही."

"ती आमची चालक होती सर. काच वर का केली म्हणून तिलाच विचारलं गेलं होतं."

पुसदवाली सामानाच्या खोलीच्या दारात उभी होती, हातात ते पिवळं कापड घेऊन. साहेबांनी काच वर केली तेव्हा त्यांना ती दिसली. त्यांनी हेल्मेट काढून काचेच्या कोपऱ्याला नख लावलं आणि पन्नी ओढली. निघेना. आमच्याकडच्या उन्हाने ती काचेत भाजून बसली होती. नखाएवढे तुकडे निघत होते आणि खाली चिकाचा राडा. त्यांनी दुसरं हेल्मेट मागवलं, मग तिसरं. सगळी तशीच. इतकी जपलेली हेल्मेटं, चौकशीतलं ते एक सोडलं तर एकही कामाचं राहिलं नव्हतं.

पुढचं सांगते, म्हणजे कोणाला वाटायला नको की न्याय झाला. चौकशी पुन्हा उघडली. पुसदवालीच्या नावापुढचा 'निष्काळजीपणा' खोडला गेला. तो कागद हातात आला त्या दिवशी तिने बापाला तांड्यावर फोन लावला आणि मला म्हणाली, तूच सांग. मी सांगितलं. म्हाताऱ्याने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. एवढं झालं, आणि हे एवढं माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं काम आहे. पण तिची चूक नाही म्हटल्यावर ती कोणाची, ते कुठेच लिहिलं गेलं नाही. ठाणेदारांची नाही, त्यांनी लेखी काही दिलंच नव्हतं. जमादारांची नाही, ते निवृत्तीला टेकले होते. अहवाल वाचला तर असं वाटतं की एक डोळा आपोआप, कोणाचंही काही न चुकता, निघून गेला. ठाणेदारांची बदली झाली. निरोपाला शाल आणि नारळ दिला. मी त्या दिवशी रजा टाकली, नाहीतर तो नारळ मी दुसरीकडेच फोडला असता.

मग पुन्हा निधी आला. जुनी हेल्मेटं बाद ठरली म्हणून नवीन मंजूर झाली, फ्लेक्ससुद्धा नवीन. खोकी आली तेव्हा सामानाच्या खोलीत पुसदवाली, जमादार आणि दारात टेकून मी, एवढेच होतो. जमादारांचा तो शेवटचा महिना. तिने पहिलं खोकं फोडलं, हेल्मेट मांडीवर घेतलं आणि काचेच्या कडेने अंगठ्याचं नख फिरवत पन्नीचं टोक शोधू लागली. एका डोळ्याने ते पटकन सापडत नाही. ती हेल्मेट अगदी तोंडाजवळ नेऊन, मान तिरपी करून बघत होती. टोक सापडलं तशी तिने एका झटक्यात पन्नी ओढली. मग आतली ओढली. मग दुसरं हेल्मेट, मग तिसरं. पायाशी पन्न्यांचा ढीग झाला.

जमादारांना राहवेना. जन्माची सवय. म्हणाले, "बाई, राहू दे वं एखाददुसऱ्याची. तपासणी असते. ओरखडे पडतीन."

पुसदवालीने हातातलं हेल्मेट खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे तोंड केलं, दोन्ही डोळ्यांनी, एका खऱ्या आणि एका काचेच्या.

"ओरखडे काचीवर नाही पडले काका, तं मंग कायच्यावर पडतीन?"